मोजायचं कुणाच्या टोकाकडून?

महाराष्ट्रात सरकारी कारभारावर वाद रंगला की बाजू दोनच असतात. एक म्हणते, खासगी करून टाका, सगळे सुतासारखे सरळ होतील. दुसरी म्हणते, खमक्या अधिकारी द्या, बाकी काही नको. मला हे दोन्ही वाद फोनवरून घरबसल्या ऐकायला मिळतात. थोरला भाऊ खडकीच्या दारूगोळा कारखान्यातून निवृत्त झाला आहे, त्यामुळे आयुध निर्माण्यांच्या कंपन्या झाल्या तेव्हा तो महिनोन्‌महिने धुमसत होता. मामेभाऊ जिल्हा परिषदेत लिपिक आहे. लहानपणी पोलिओ झाला, एका पायात कॅलिपर, म्हणजे पायाला आधार देणारा पट्ट्यांचा सांगाडा घालतो. दिव्यांग प्रमाणपत्रांच्या फेरतपासणीचा फेरा त्याच्याही मागे लागला. आणि मी अमेरिकेच्या पूर्व किनाऱ्यावरच्या एका राज्यात, अपंगत्व असलेल्या माणसांना कामधंद्याला लावणाऱ्या सरकारी खात्यात समुपदेशक आहे. व्यावसायिक पुनर्वसन असं त्याचं भारदस्त नाव.

माझं म्हणणं दादालाही रुचत नाही आणि त्याच्याशी भांडणाऱ्या भाचेमंडळींनाही. खातं सरकारी की खासगी, साहेब कडक की मवाळ, याने फरक पडतो हे मान्य. पण खातं काय मोजतं, आणि देणाऱ्याच्या टोकाकडून मोजतं की घेणाऱ्याच्या, याने त्याहून जास्त पडतो. अमेरिकेत हे जमलं आहे असं मुळीच नाही. इथे ते कसं फसलं आणि कुठे सुधारलं हे जवळून बघायला मिळालं, एवढंच.

आधी आमच्या खात्याचं सांगते. पहिल्या महायुद्धातून जायबंदी होऊन आलेल्या सैनिकांसाठी १९१८ मध्ये इथे पुनर्वसनाचा कायदा झाला, १९२० मध्ये तो विचार नागरिकांपर्यंत आला. (आपल्याकडे जखमी सैनिकांना हाताला काम शिकवणारी क्वीन मेरीज टेक्निकल इन्स्टिट्यूट १९१७ ची, म्हणजे एक वर्ष आधीची. तीही खडकीतच आहे, आणि पुण्यातल्याही कितीतरी जणांना ठाऊक नसते.) आज या कार्यक्रमाचे ७८.७ टक्के पैसे केंद्र देतं, २१.३ टक्के राज्याने घालायचे. पैशामागून अटी येतात. अर्ज आल्यापासून ६० दिवसांत पात्र की अपात्र ते सांगायचं. पात्र ठरल्यावर ९० दिवसांत त्या माणसाबरोबर बसून त्याची योजना लिहायची. नकार दिला तर कारण लेखी द्यायचं, आणि त्याच पत्रात अपिलाची वाट आणि एका मदत केंद्राचा फोन नंबर छापायचा. या केंद्राचं काम काय, तर अर्जदाराच्या बाजूने आमच्याशी भांडायचं. तेही सरकारच्याच पैशातून. कागदावर याहून चांगलं काय हवं?

पण वर्षानुवर्षं या खात्याचा जीव एका आकड्यात अडकला होता. प्रत्येक प्रकरणाला टप्प्याचा क्रमांक असे: ०२ म्हणजे अर्ज आला, १० म्हणजे पात्र, १८ प्रशिक्षण चालू, २२ नोकरीला लागला. नोकरीत ९० दिवस टिकला की २६, यशस्वीरीत्या बंद. केंद्र सरकारने हे क्रमांक मागणं केव्हाच सोडलं, पण जुन्या माणसांच्या तोंडातून ते जात नाहीत. ‘या महिन्यात किती सव्वीस?’ हा प्रश्न मीही साहेबांकडून ऐकलेला आहे. इथलं सरकारी आर्थिक वर्ष ३० सप्टेंबरला संपतं. उलटं मोजा: २ जुलैला कामावर गेलेल्या माणसाचे ३० सप्टेंबरला ९० दिवस भरतात. म्हणून जूनच्या अखेरीस कचेरीत फोनांचा जो सपाटा लागे तो बघण्यासारखा असे. कुठेही, कसलीही, पण दोन तारखेच्या आत नोकरी.

डोक्याला मार लागलेला एक तरुण माझ्याकडे होता. वातानुकूलन यंत्रांची दुरुस्ती शिकायची त्याची इच्छा होती, आणि हातात कसबही होतं. अभ्यासक्रम दोन वर्षांचा. किराणा दुकानात फळीवर माल लावायची नोकरी मात्र आठवड्यात मिळत होती. हिशेबात दोन्हींचं सव्वीस सारखंच. वरून दुकानाचाच आग्रह झाला, तो लागला, ९० दिवस भरले, प्रकरण बंद. पुढच्या उन्हाळ्याच्या आत तो नव्या ०२ खाली पुन्हा आमच्याच दारात. दुकानातला गोंगाट आणि रात्रपाळी त्याला सोसली नव्हती. गंमत अशी की त्याला दुसऱ्यांदा कुठे चिकटवला असता तर आमच्या खात्यावर दुसरं सव्वीस जमा झालं असतं.

इथे कुणी कामचुकार नव्हतं, कुणी पैसे खाल्ले नव्हते. उलट सगळे जीव तोडून काम करत होते, मोजल्या जाणाऱ्या गोष्टीसाठी. २०१४ च्या कायद्याने माप बदललं. माणूस आमच्याकडून बाहेर पडल्यानंतर दुसऱ्या तिमाहीत कामावर आहे का, चौथ्या तिमाहीत आहे का, त्याची कमाई किती, शिकत असताना त्याने प्रगती केली का, प्रमाणपत्र मिळवलं का, हे बघायला लागले. लांबचे अभ्यासक्रम एकाएकी परवडू लागले. माणसं तीच, साहेब तेच, टेबलंसुद्धा तीच. याच्याही कटकटी आहेत. चौथ्या तिमाहीचा आकडा हाती येईपर्यंत वर्ष उलटतं आणि ते प्रकरण हाताळणारा समुपदेशक कधी कधी खातं सोडून गेलेला असतो. शिवाय पैसे पुरत नसले की कायद्याने सगळ्यात तीव्र अपंगत्व असलेल्यांना आधी घ्यायचं आणि बाकीच्यांना यादीत थांबवायचं. त्या यादीचा जुना क्रमांक ०४. पात्रतेचं पत्र ६० दिवसांच्या आत गेलेलं असतं, नियम पाळल्याची खूण झालेली असते, आणि माणूस ०४ मध्ये बसून असतो.

दादाचा कारखाना लष्कराला दारूगोळा पुरवतो; त्या पुरवठ्याचा याच्याशी काय संबंध, असं त्याने विचारलं होतं. आमच्या खात्याचा तर थेट आहे. १९३६ च्या कायद्याने सरकारी इमारतींतली उपाहारगृहं आणि विक्री केंद्रं चालवायला अंध व्यक्तींना अग्रक्रम मिळतो, आणि त्यांना परवाना देणारं खातं म्हणजे राज्याचं पुनर्वसन खातं. लष्करी तळावरचं भटारखाना-भोजनगृह ‘उपाहारगृहा’त मोडतं का, यावर रीतसर खटले झाले, आणि २००१ मध्ये एका केंद्रीय अपील न्यायालयाने मोडतं असा निकाल दिला. दुसऱ्या, १९३८ च्या कायद्याखाली अंध आणि अपंग कामगारांनी बनवलेला माल सरकार विकत घेतं. अमेरिकी फौजेत कुणालाही विचारा, स्किलक्राफ्टचं काळं बॉलपेन त्याच्या हातून गेलेलं असतं. ते अंध कामगार जुळवतात. मजेची गोष्ट म्हणजे भोजनगृहाच्या त्या खटल्यात एकमेकांसमोर उभे ठाकलेले हेच दोन कायदे होते. एक कायदा अंधांच्या बाजूने, दुसरा अपंगांच्या, आणि मधे जवानाचं जेवण.

माझ्या शेजारच्या टेबलावरचा सहकारी पूर्वी सैन्यात पुरवठा विभागात होता. १९९१ च्या आखाती युद्धात तो सौदी अरेबियात दम्मामच्या बंदरावर होता. तो सांगतो, अमेरिकेहून जहाजांनी कंटेनर येत होते, पण आत काय आहे हे दारावर लिहिलेलं नसे. बोल्ट कापायची कात्री घेऊन उन्हात रांगेने कंटेनर फोडायचे, आत डोकावायचं, तंबू निघाले तर पुढचा. ही त्याची एकट्याची कहाणी नाही. त्या युद्धात सुमारे ४०,००० कंटेनर पाठवले गेले आणि त्यातले सुमारे २५,००० आत काय आहे ते कळावं म्हणून उघडावे लागले, हा आकडा अमेरिकी लष्कराच्या पुरवठाशास्त्रात आता धड्यासारखा शिकवला जातो. माल कमी नव्हता, डोंगर होते. पण मागितलेला सुटा भाग येईल याचा भरवसा नसल्याने एकेक तुकडी तोच भाग दोनदा, तीनदा मागवत होती, आणि त्यामुळे डोंगर आणखी वाढत होते. पाठवणाऱ्याच्या वहीत सगळं चोख: इतके टन रवाना.

यातून जे निघालं त्यात कंटेनरचा माग रेडिओ लहरींनी सांगणाऱ्या चकत्या आल्या, संगणक आले. पण माझ्या मते खरा बदल साधा होता. १९९५ च्या सुमारास इथल्या भूदलाने रँड या संशोधन संस्थेच्या मदतीने मोजणी उलट्या टोकाकडून सुरू केली. तळावरच्या मेकॅनिकने भाग मागितला तिथे घड्याळ सुरू, भाग त्याच्या हातात पडला तिथे बंद. गोदामाने किती वेळ घेतला, वाहतुकीने किती, हे पोटहिशेब. देशातल्या तळांवर हा काळ काही वर्षांत जवळपास निम्म्यावर आला, आणि त्यासाठी ना गोदामं विकली ना कुणाची बदली केली. घाऊक सुधारणा मात्र झाली नाही. २००३ मध्ये इराकला पाठवलेला माल आणि पोचल्याची नोंद यांत १.२ अब्ज डॉलरची तफावत सरकारच्याच लेखापरीक्षकांनी काढली. १९९० पासून या लेखापरीक्षकांच्या धोक्याच्या यादीत असलेलं लष्कराचं पुरवठा व्यवस्थापन त्या यादीतून बाहेर पडायला २०१९ उजाडलं. आणि संरक्षण खात्याचं संपूर्ण लेखापरीक्षण २०१८ मध्ये पहिल्यांदा झालं, तेव्हापासून २०२४ पर्यंत सातही वर्षं खातं नापास. ‘तिकडे कसं सगळं शिस्तीत’ म्हणणाऱ्यांनी हे जरूर लक्षात ठेवावं.

आता दादाचा कारखाना. १ ऑक्टोबर २०२१ ला आयुध निर्माणी मंडळ मोडलं आणि ४१ निर्माण्यांच्या सात सरकारी कंपन्या झाल्या. दारूगोळ्याच्या कंपनीचं मुख्यालय पुण्यातच आहे. खडकी, देहू रोड, वरणगाव, भंडारा, चांदा हे सगळे तिच्या छताखाली. दादाचा विरोध कामगाराचा होता: नोकरीची शाश्वती, पेन्शन, पुढच्या पिढीचं काय. भाचा म्हणायचा, मामा, तुम्ही दोनशे वर्षांची परंपरा सांगता आणि सैन्य रडतंय दर्जासाठी. दोघंही खरं बोलत होते. पण दादा रंगात आला की मार्च महिन्याचं जे वर्णन करतो ते दोघांच्याही भूमिकेपेक्षा मला जास्त बोलकं वाटतं. ३१ मार्चच्या आत ठरलेलं उद्दिष्ट ‘इश्यू’ झालं पाहिजे. मग माल दिल्याचं व्हाउचर आधी फाटायचं, माल मागून तयार व्हायचा. तपासणी व्हायची असते, रंग ओला असतो, पण वहीत तो सैन्याला पोचलेला असतो. आगाऊ व्हाउचरांच्या या चालीवर सरकारी हिशेब तपासणाऱ्या कॅगने पुन्हा पुन्हा ताशेरे ओढले आहेत, तेव्हा ही काही घरातली कुजबुज नव्हे. कारखान्याचा ३१ मार्च आणि माझा ३० सप्टेंबर यांत मला तरी काही फरक दिसत नाही.

याचं दुसरं टोक कॅगच्याच २०१७ च्या अहवालात आहे. सप्टेंबर २०१६ मध्ये दारूगोळ्याच्या १५२ प्रकारांपैकी ६१ प्रकारांचा साठा दहा दिवसांच्या लढाईलाही पुरणारा नव्हता. ज्या वर्षीची ही स्थिती, त्याच वर्षी मेच्या अखेरीस वर्ध्याजवळ पुलगावच्या केंद्रीय दारूगोळा भांडारात आग लागून अधिकारी, जवान आणि आग विझवायला गेलेले कर्मचारी मृत्युमुखी पडले. एकीकडे तुटवडा, दुसरीकडे धोकादायक साठा, आणि कारखान्याच्या वहीत उद्दिष्ट गाठलेलं. या तिन्ही गोष्टी एकाच वेळी खऱ्या असू शकतात, कारण तिन्ही वेगवेगळ्या टेबलांवर मोजल्या जातात.

मग कंपनी केल्याने काय झालं? ताळेबंद छापला जातो, नफा कळतो, निर्यातीच्या बातम्या येतात. वाईट नाही. पण गोळा तोफेतून सुटला तेव्हा काय झालं, तो तुकडीने मागितल्यापासून किती दिवसांनी पोचला, हे नफा-तोट्याच्या कुठल्याही रकान्यात येत नाही. ते संसदेसमोर दरवर्षी मांडायचं ठरलं, तर निर्माणी मंडळाची असो की कंपनीची, मला चालेल. अमेरिकेत शस्त्रं बनवणाऱ्या कंपन्या खासगीच आहेत. ऐंशीच्या दशकात ४३५ डॉलरला हातोडी विकण्याचं प्रकरण त्यांचंच. ती हातोडी खरं तर तेवढी महाग नव्हती; एकूण ऑर्डरचा वरखर्च इंजिनाच्या भागावर आणि हातोडीवर सारखा वाटल्याने तिची किंमत कागदावर फुगली होती. लोकांनी ते ऐकून घेतलं नाही, आणि माझ्या मते बरोबरच केलं. खर्च असा वाटला तर खरी महाग गोष्ट कुठली हे कुणालाच कळत नाही.

मामेभावाची गोष्ट जास्त अवघड आहे. २०२४ मध्ये एका प्रशिक्षणार्थी आयएएस अधिकाऱ्याच्या अपंगत्वाच्या प्रमाणपत्रावरून गदारोळ झाला आणि संशयाची सुई सगळ्याच दिव्यांग कर्मचाऱ्यांकडे वळली. २०१६ च्या कायद्याने अपंगत्वाचे २१ प्रकार मानले, सरकारी नोकरीतलं आरक्षण तीनवरून चार टक्क्यांवर नेलं. महाराष्ट्राने २०२२ च्या डिसेंबरात त्यासाठी स्वतंत्र विभागच उघडला. खोटे दाखले आहेत, भरपूर आहेत, हे मामेभाऊ माझ्यापेक्षा जास्त चिडून सांगतो, कारण त्या जागा त्याच्यासारख्यांच्याच गेल्या. तरी जिल्हा रुग्णालयाच्या व्हरांड्यात उभं राहायची पाळी त्याच्यावरच येते. गुडघ्यापासून वाळलेला पाय डोळ्यांना दिसतो. पण अस्थिरोगतज्ज्ञ कॅम्पला गेलेत, तपासणारं वैद्यकीय मंडळ बुधवारी बसतं, बुधवारी सुट्टी आली. त्याची रजा जाते ती वेगळीच. किती बनावट सापडले हे वर्तमानपत्रात येतं. अस्सल असलेल्यांना किती फेऱ्या पडल्या, हे मोजायची सोयच नाही.

त्याच्या लहानपणीचा एक किस्सा आमच्या घरात हसत सांगितला जातो, मला मात्र त्याचं कधी हसू आलं नाही. सातवीत असताना तपासणी शिबिरात त्याच्या पायाचं माप घेतलं. वाटप शिबिर झालं तेव्हा तो आठवीच्या सहामाहीत होता. मंडप, हार, मान्यवर, रांगेने लावलेल्या तीनचाकी सायकली. कॅलिपर हातात देऊन फोटो झाला, घरी येऊन घालायला घेतलं तर आखूड. वाढत्या वयातला पाय कुणासाठी थांबतो? शेवटी मामाने पुण्याला नेऊन पदरच्या पैशाने नवीन करून घेतलं. शिबिराच्या वहीत त्याची नोंद आजही ‘वाटप: एक’ अशीच असणार. पुढे तर एका दिवसात किती साधनं वाटली याचे गिनीज विक्रमही आपण केले. ती साधनं सहा महिन्यांनी वापरात आहेत की माळ्यावर, हे मोजण्याचा विक्रम कुणी केल्याचं ऐकलं नाही.

राहिला खमक्या अधिकाऱ्याचा मुद्दा. २०२५ च्या ऑगस्टमध्ये तुकाराम मुंढे दिव्यांग विभागाचे सचिव झाले तेव्हा मामेभाऊही खूश होता. मुंढे २००५ च्या तुकडीचे. वीस वर्षांत वीसहून जास्त बदल्या. आणि आपला बदल्यांचं विनियमन करणारा, साधारण तीन वर्षं एका जागी ठेवा म्हणणारा कायदाही २००५ चाच. दप्तर दिरंगाई रोखणारा म्हणून त्याचं फार कौतुक झालं होतं. फाईल कामकाजाच्या सात दिवसांहून जास्त टेबलावर राहू नये, असं त्यात आहे. ती राहतही नाही, शेरा मारून दुसऱ्या टेबलावर जाते. तिथे नवे सात दिवस. घड्याळ फाईलच्या गळ्यात बांधलं आहे, अर्जदाराच्या हातात नाही. २०१५ चा लोकसेवा हक्क कायदा याहून पुष्कळ चांगला. त्यात मुदत अर्जापासून मोजतात, खात्यातच दोन अपिलं आहेत, तिसरं आयोगाकडे, विलंबाला ५०० ते ५,००० रुपये दंड आहे. पण कोणती सेवा त्यात घालायची हे विभागच अधिसूचना काढून ठरवतो, आणि आपल्याकडे सेवा म्हणजे बहुतेक वेळा दाखला. दिव्यांग माणसाला शिकवलं का, तो नोकरीत टिकला का, ही सेवा कुठल्या अधिसूचनेत बसणार? मुंबईत शीवला केंद्रीय श्रम मंत्रालयाचं पुनर्वसन केंद्र कित्येक दशकं आहे, व्हीआरसी म्हणून जुने लोक ओळखतात. आज त्याचं नाव बदलून करिअर सेवा केंद्र झालं आहे. अशा केंद्रातून शिकून गेलेल्यांचं वर्षभराने काय झालं, हे विचारायचा हक्क या दोन्ही कायद्यांत कुणाला नाही.

दादा यावर म्हणतो, तुझ्याकडे विचारणारे आहेत म्हणून चाललंय. बरोबर आहे, आणि तेच सध्या पातळ होतंय. आमचे आकडे तपासणारी शाखा केंद्रीय शिक्षण खात्यात आहे, आणि मार्च २०२५ मध्ये त्या खात्याने आपले जवळपास निम्मे कर्मचारी कमी केले. कायदा जागेवर आहे, ६० दिवसांची अट जागेवर आहे, आम्ही दर तिमाहीला आकडे पाठवतो. पण उलट टपाली शंका विचारणारा माणूसच जर नसेल तर आमच्याही कचेरीत पुन्हा सोपी सव्वीसं व्हायला वेळ लागणार नाही. मी त्या कचेरीतल्या माणसांना ओळखते, म्हणून सांगते.

नागपूरला अधिवेशन असतं तेव्हा आमदार तारांकित प्रश्न विचारतात, आणि सरकारला उत्तर द्यावं लागतं. दिव्यांग विभागाबद्दल विचारतात ते बहुधा इतकंच, की किती निधी आला, किती खर्च झाला, किती बोगस सापडले. त्यातल्याच एखाद्याने यंदा एवढं विचारावं: फेरतपासणीला बोलावलेल्या कर्मचाऱ्यांपैकी किती जणांचं प्रमाणपत्र खरं निघालं, त्यांना पहिल्या पत्रापासून अंतिम अहवालापर्यंत सरासरी किती दिवस लागले, ६० दिवसांहून जास्त थांबलेले किती, आणि गेल्या वर्षी वाटलेल्या कॅलिपरांपैकी आज पायात किती आहेत. शेवटच्या प्रश्नाला ‘माहिती संकलित करण्यात येत आहे’ असं उत्तर येईल. येऊ द्या. पुढच्या अधिवेशनात तोच प्रश्न पुन्हा टाकायचा.